संयम कोणीं पाळावा?

वापरानें झिजत नाहीं अशी वस्तु जगांत विरळाच. दळणाचें जातें झिजतें, नाणें झिजतें, नदीच्या घाटाची पायरीसुद्धां झिजते. पण ही झीज बहुधा वापरणाऱ्याच्याच पदरीं येते. ज्याचें जातें त्यालाच टांकी लावून घ्यावी लागते. प्रतिजैविक औषधांची, म्हणजे घरोघर ज्यांना अँटिबायोटिक म्हणतात त्यांची, झीज मात्र विलक्षण आहे. एखाद्या गृहस्थानें साध्या पडशासाठीं घेतलेली गोळी त्याला स्वतःला फारसा अपाय करील असें नाहीं. पडसें विषाणूंचें असतें आणि विषाणूंवर त्या गोळीचा कांहीं इलाज चालत नाहीं. तें आपल्या गतीनें आठ दिवसांत बरें होतें आणि श्रेय गोळीला मिळतें. झीज होते ती दुसरीकडे. ज्या मुलाचें नांवगांवहि या गृहस्थाला ठाऊक नाहीं, अशा एखाद्या मुलाच्या रक्तांत शिरलेल्या जंतूंवर तें औषध पुढें एके दिवशीं चालेनासें होतें. उपभोग एकानें घ्यावा आणि झीज दुसऱ्यानें सोसावी असा हा व्यवहार असल्यामुळें तो निव्वळ वैद्यकाचा विषय राहत नाहीं; नीतीचा होतो.

ज्यांच्या नांवाशीं या औषधांचा इतिहास जोडलेला आहे त्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना हें प्रारंभींच दिसलें होतें. १९२८ सालीं त्यांना पेनिसिलिन सांपडलें. १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिकाच्या निमित्तानें केलेल्या व्याख्यानांत त्यांनीं एक कल्पित गृहस्थ श्रोत्यांपुढें उभा केला. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ आपल्याच विचारानें थोडें पेनिसिलिन घेतो. जंतु मरावे इतकें तें नसतें. पण त्यांतले दुबळे मरून कणखर तेवढे उरावे इतकें असतें. पुढें तेच जंतु त्याच्या पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलें जातें आणि त्याचा उपयोग न होऊन ती मरते. या मृत्यूचें पाप कोणाच्या माथीं, असा फ्लेमिंग यांचा प्रश्न होता. गोष्ट मार्मिक आहे. पण तींत त्यांनीं श्रोत्यांवर थोडी कृपाच केली आहे असें प्रस्तुत लेखकास वाटतें. मरते ती त्या गृहस्थाची स्वतःची पत्नी, आणि तीहि त्याच्या डोळ्यांसमोर. प्रत्यक्षांत हा हिशेब इतक्या लवकर आणि इतक्या जवळ चुकता होत नाहीं. जंतूंचा वंश तासातासाला वाढतो, एका जातीचा जंतु आपला कणखरपणा दुसऱ्या जातीच्या जंतूलाहि देऊं शकतो, आणि कोणाच्या गोळीचें फळ कोणाच्या पाळण्यापाशीं गेलें हें कोणत्याहि न्यायाधीशाला सांगतां यावयाचें नाहीं. ज्या पापाचा साक्षीदार नाहीं त्याविषयीं माणसाची सदसद्विवेकबुद्धि फारशी जागी राहत नाहीं, हा तर सर्वांचाच अनुभव आहे.

येथून संयमाचा उपदेश निघतो. औषध जपून वापरा, डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून घेऊं नका, उगाच मागूं नका. उपदेश खरा आहे. परंतु तो सर्वांना एकाच सुरांत केला जातो, आणि येथेंच प्रस्तुत लेखकाचा त्याशीं वाद आहे. २०१६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत दोन अंदाज शेजारींशेजारीं प्रसिद्ध झाले. पहिला असा कीं, १०१ देशांत प्रतिजैविकें सर्व गरजू मुलांपर्यंत पोंचलीं तर पांच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियानें होणारे सुमारें ४ लाख ४५ हजार मृत्यु दरवर्षीं टळतील. दुसरा असा कीं, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें दरवर्षीं सुमारें २ लाख १४ हजार नवजात बालकें जंतुदोषानें दगावतात. हे दोन आंकडे वेगवेगळ्या रोगांचे आहेत, तेव्हां त्यांची वजाबाकी करण्यांत अर्थ नाहीं. पण ते एकत्र वाचले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. औषध मिळालें नाहीं म्हणून मरणारें मूल आणि औषध निकामी झालें म्हणून मरणारें मूल, अशीं हीं दोन मुलें आहेत. आणि संयमाचा उपदेश यांपैकीं दुसऱ्याच्या वतीनें केला जात असतां पहिल्याला ऐकूं जातो.

आपल्या शास्त्रकारांनीं धर्माबरोबर आपद्धर्माचाहि विचार केला होता, तो येथें आठवतो. महाभारताच्या शांतिपर्वांत बारा वर्षांच्या अवर्षणांत उपाशी फिरणारा विश्वामित्र चांडाळाच्या झोंपडींतून कुत्र्याच्या मांसाचा तुकडा उचलतो आणि त्याबद्दल त्या चांडाळाशीं लांबलचक वाद घालतो. त्या कथेचें मर्म असें कीं, प्राण जात असतां नियम बाजूला राहतो. पण या कथेचा आधार घेऊन कोणी सुकाळांत भरल्या पोटीं तें मांस चोरूं लागला तर तो विश्वामित्राचा अनुयायी ठरत नाहीं. प्रतिजैविकांच्या बाबतींत आपण नेमका हाच उलटा व्यवहार मांडला आहे. घरांत डॉक्टर, वाहन आणि पैसा असणारा माणूस मुलाच्या शिंकेला आपत्ति मानून आपद्धर्म आचरतो, आणि जेथें खरोखर मूल धापा टाकीत पडलें आहे तेथें जाऊन सभ्य लोक नियम सांगतात.

मूल खरोखर संकटांत असतें तेव्हां काय होतें, हें या औषधांच्या आरंभकाळींच दिसून आलें आहे. १९३५ च्या डिसेंबरांत गेऱ्हार्ट डोमाक या जर्मन संशोधकाच्या लहान मुलीच्या हातांत सुई शिरून भयंकर जंतुदोष झाला. हात कापावा लागेल अशी भाषा निघाली. डोमाक यांनीं स्वतः शोधलेलें प्रॉन्टोसिल हें औषध त्याच वर्षीं बाहेर आलें होतें. तें त्यांनीं मुलीला दिलें आणि मुलगी वांचली, तिचा हातहि वांचला. काटेकोर व्याख्येनें प्रॉन्टोसिल हें प्रतिजैविक नव्हे, तें प्रयोगशाळेंत बनविलेलें सल्फा जातीचें औषध; पण प्रश्न तोच. त्या बापाला 'आधीं अधिक प्रयोग होऊं द्या' असें सांगावयाला कोणाची जीभ उचलली असती?

ऑक्सफर्ड येथील प्रसंग याहून अधिक विचार करावयाला लावणारा आहे. १९४१ सालीं हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांपाशीं पेनिसिलिन इतकें थोडें होतें कीं, अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला दिलेलें औषध त्याच्याच लघवींतून पुन्हां काढून त्याला टोंचावें लागलें. तो सुधारूं लागला होता. साठा संपला, आणि मार्चांत तो मेला. यानंतर त्या मंडळींनीं बहुतेक मुलांनाच निवडलें. मुलांवरील विशेष मायेपोटीं हें झालें असें समजण्याचें कारण नाहीं. लहान देहाला औषध थोडें पुरतें, एवढाच तो हिशेब होता. पण या रुक्ष हिशेबांत एक नीति दडलेली आहे. वस्तु अपुरी असतां तिच्यावर पहिला अधिकार मागणाऱ्याचा नसतो, मोल देणाऱ्याचा नसतो, आधीं येऊन उभा राहिलेल्याचाहि नसतो. ज्याच्या हातीं ती पुरी पडून एक अख्खा जीव राखील त्याचा असतो. मूल या कसोटीला फार सहज उतरतें.

टंचाईचे ते दिवस लवकरच संपले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथें जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं सरकारी कारखाना निघाला आणि पुढच्याच वर्षीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें. शहरांतील औषधांच्या दुकानांत त्यानंतर या औषधांची वाण कधीं पडली नाहीं. पण कारखान्यांतून निघालेलें औषध आणि खेड्यांतल्या मुलाचें तोंड यांमध्यें जें अंतर आहे तें उत्पादनानें कापलें जात नाहीं. या अंतराचा खरा विचार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यांत, झाला.

अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्यानें तेथें १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था काढली. लहान मुलांना होणाऱ्या न्यूमोनियाला आपल्या खेड्यापाड्यांतून 'डबा' म्हणतात. मुलाचें पोट उडतें, बरगड्यांखालीं खळगा पडतो, नाकपुड्या फुलतात. आणि यावर अनेक ठिकाणीं पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची चाल होती. सुशिक्षितांनीं या चालीची टिंगल करणें सोपें आहे. पण ज्या आईपाशीं दुसरें कांहीं नाहीं तिनें हात बांधून पाहत बसण्यापेक्षां डाग देणें पत्करलें, यांत अडाणीपणापेक्षां निरुपायच अधिक आहे. जिवाणूंमुळें होणाऱ्या न्यूमोनियावर स्वस्त आणि तोंडानें देतां येणारें प्रतिजैविक उपलब्ध होतें. अडचण दोनच गोष्टींची होती: रोग ओळखावयाचा कोणीं, आणि औषध द्यावयाचें कोणीं? डॉक्टर गांवांत नव्हता, आणि मूल मरावयाला दोन-तीन दिवस पुरत.

रोग ओळखण्याचा प्रश्न एका साध्या निरीक्षणानें सुटला. फुप्फुसाला सूज आली म्हणजे मूल भराभर श्वास घेऊं लागतें. तेव्हां श्वास मोजला कीं झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें वयाप्रमाणें त्याच्या मर्यादाहि ठरवून दिल्या. पण गडचिरोलींतील कित्येक सुइणींना बारापलीकडे मोजतां येत नव्हतें. तेव्हां त्यांच्यासाठीं एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मणी असें एक साधन तयार झालें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं ठरलेले मणी सरकले तर डबा समजावयाचा आणि औषध द्यावयाचें, नाहीं तर द्यावयाचें नाहीं. या साधनाकडे प्रस्तुत लेखकाला फार आदरानें पाहावेंसें वाटतें. शास्त्र खालीं उतरवून सांगणें म्हणजे तें पातळ करणें असा आपला समज असतो. येथें तें रेसभरहि पातळ झालेलें नाहीं.

परिणाम काय झाला तें १९९० सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालें. ५८ गांवांत ही योजना चालली, ४४ गांवांत नेहमींचीच व्यवस्था राहिली. पहिल्या गांवांत न्यूमोनिया होऊन उपचार मिळालेल्या मुलांपैकीं शेंकडा ०.८ दगावलीं, दुसऱ्या गांवांत हें प्रमाण शेंकडा १३.५ होतें. पांच वर्षांखालील दर हजार मुलांमागें न्यूमोनियाचे मृत्यु एकीकडे ८.१ तर दुसरीकडे १७.५. हे आंकडे वाचतांना त्या ४४ गांवांपाशीं क्षणभर अडखळल्यावांचून राहवत नाहीं. तुलनेवांचून पुरावा नाहीं आणि पुराव्यावांचून असलें धाडस कोणतेंहि सरकार मान्य करीत नाहीं, हें खरें. तथापि शास्त्राच्या पुराव्याची किंमत कोणीतरी देत असतें, आणि देणाऱ्याला बहुधा आपण ती देत आहों हें माहीत नसतें, हेंहि खरें.

पुढें याच संस्थेनें याहून कठीण पाऊल टाकलें. नवजात बालकाचा जंतुदोष हा न्यूमोनियाहून कपटी. त्याला ताप येईलच असें नाहीं. तें दूध ओढीनासें होतें, रडणें क्षीण होतें, अंग गार आणि ढिलें पडतें. अशा बालकाला इस्पितळांत नेण्याचा सल्ला दिला तरी घरचे नेत नसत. तेव्हां १९९५ नंतर ३९ गांवांतील आरोग्यदूत स्त्रियांना घरोघर जाऊन बालकें तपासण्याचें, आणि लक्षणें दिसलीं व घरच्यांची संमति असली तर जेंटामायसिनचें इंजेक्शन देण्याचें शिक्षण दिलें गेलें. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १६.६ वरून २.८ वर आलें. २०११ सालीं नवजात बालकांच्या घरीं आशा कार्यकर्तीनें भेटी देण्याची योजना देशभर सुरू झाली, तिच्या मुळाशीं हा अनुभव आहे. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंहि, इस्पितळांत नेणें शक्य नसेल तेथें अशा बालकांवर जवळच्याच ठिकाणीं उपचार करण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं.

यावर शहाण्या माणसांचा आक्षेप असा होता कीं, थोडें शिकलेल्या बाईच्या हातीं सुई आणि प्रतिजैविक देणें म्हणजे औषधाची नासाडीच. आक्षेप पोकळ नाहीं. जेंटामायसिन चुकीच्या मात्रेंत दिलें तर मूत्रपिंडांना आणि कानांना इजा करतें. शिवाय भराभर श्वास घेणारें प्रत्येक मूल जिवाणूंच्या न्यूमोनियानेंच आजारी असतें असें नाहीं. विषाणूंनीं आणि दम्यानेंहि श्वास वाढतो. म्हणजे मण्यांच्या या नियमानें कित्येक मुलांना नको असतां औषध मिळणार, हें उघड आहे. पण येथें दोन चुका समोरासमोर उभ्या आहेत. नको असलेलें औषध दिलें ही एक. हवें असलेलें दिलें नाहीं ही दुसरी. पहिलीनें जगाच्या सामाईक ठेव्यांतला एक कण झिजतो, दुसरीनें मूल मरतें. दोन्ही चुकाच, म्हणून दोन्ही सारख्या, असा हिशेब ज्यानें केला त्याला तराजू धरतां येत नाहीं असें म्हणावें लागेल. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, संयमच पाहावयाचा तर तो त्या सुइणीपाशींच अधिक आहे. खोकणारें मूल आलें आणि मणी पुरे सरकले नाहींत तर ती औषध देत नाहीं. आपल्या शहरांतील किती दवाखान्यांविषयीं असें म्हणतां येईल?

आतां चित्राची दुसरी बाजू. २०११ ते २०१४ या काळांत दिल्लींतील तीन मोठ्या इस्पितळांत जन्मून अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या १३,५३० बालकांची पाहणी झाली. जंतुदोषाला कारण झालेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर पुढें होता, आणि त्याच्या शेंकडा ८२ नमुन्यांवर अनेक जातींचीं औषधें चालत नव्हतीं. क्लेबसिएलाच्या बाबतींत हें प्रमाण शेंकडा ५४ होतें. यांतील पुष्कळशा बालकांना जंतुदोष जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांतच झाला होता. तीन दिवसांच्या जिवानें कोणती गोळी उगाच घेतली होती? आपल्यांत वाडवडिलांचें ऋण मुलावर येतें असें म्हणतात. येथें तर तें अनोळखी लोकांचें ऋण आहे. या बालकांच्या वतीनें जो संयमाचा आग्रह धरतो त्याच्याशीं प्रस्तुत लेखकाचें भांडण नाहीं, उलट त्याचा आवाज अधिक मोठा व्हावा असेंच वाटतें.

मात्र तो आवाज योग्य दिशेनें गेला पाहिजे. जंतु कणखर होतात ते केवळ आयांनीं मागितलेल्या गोळ्यांमुळें नव्हे. एका खाटेवर दोन बालकें निजवणारे विभाग, न धुतलेले हात, औषधांच्या कारखान्यांचें सांडपाणी, कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यांत मिसळलेलीं औषधें, हीं सर्व त्याचीं कारणें आहेत. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील सांडपाण्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन इतकें सांपडलें कीं, २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीनें जगभरच्या शास्त्रज्ञांना धक्का बसला. कोलिस्टिन हें कांहीं जंतूंवरचें जवळजवळ अखेरचें औषध. तेंहि आपल्याकडे पशुपक्ष्यांच्या खाद्यांत घातलें जाई, आणि २०१९ सालीं त्यावर बंदी आली. कोंबडीची तोळाभर वाढ आणि बालकाचा प्राण एकाच भांड्यांतून काढले जात असतां आईला तेवढा उपदेश करणें, याला न्याय म्हणावें कीं सोय?

सर्वांत अवघड प्रश्न आफ्रिकेंतून आला आहे. आतांपर्यंत आपण असें धरून चाललों कीं, औषध आजारी मुलाला द्यावयाचें. वाद फक्त आजार किती गंभीर एवढाच. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत नायजर, मलावी आणि टांझानिया या देशांतील गांवांत एक महिन्यापासून पांच वर्षांपर्यंतच्या सर्वच मुलांना, तीं आजारी असोत वा नसोत, वर्षांतून दोनदां अझिथ्रोमायसिन दिलें गेलें. मृत्यूंचें प्रमाण एकंदरींत शेंकडा १३.५ नें घटलें, आणि सर्वांत गरीब अशा नायजरमध्यें त्याहून अधिक. त्याचबरोबर तेथील मुलांच्या आंतड्यांतील जंतूंत या औषधाला दाद न देण्याची शक्ति वाढल्याचेंहि आढळलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं मध्यम मार्ग काढला: बालमृत्यु अतिशय जास्त असतील अशाच प्रदेशांत, आणि एक ते अकरा महिन्यांच्या बालकांनाच द्यावें. संयमाची ही कात्री वरवर शहाणपणाची दिसते. पण नायजरमधील पुढच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२४ सालीं आला तो असा कीं, पांच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दिलें तर मृत्यु शेंकडा १४ नें घटतात. नुसत्या बालकांना दिलें तर त्या बालकांनाहि स्पष्ट लाभ होत नाहीं.

हें वाचून मन खरोखर द्विधा होतें. उद्यां जन्मणाऱ्या मुलाचा या औषधावर हक्क आहे, तो काल्पनिक नाहीं. दिल्लीच्या आंकड्यांनीं तो सिद्धच केला आहे. पण उद्यांच्या मुलाची ठेव राखावयाची ती कोणाच्या ताटांतून? आपल्या भरल्या ताटांतून राखली तर ती दूरदृष्टि. नायजरच्या मुलाच्या ताटांतला एकुलता घांस काढून राखली तर तिला दुसरें नांव द्यावें लागेल. प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, जोंवर तेथें लस, स्वच्छ पाणी आणि दवाखाना पोंचत नाहीं तोंवर हें औषध देणें हें कर्ज काढून मूल जगविण्यासारखें आहे. कर्ज चांगलें नव्हे. तें फेडावें लागेल आणि फेडणारें मूल वेगळेंच असेल. तथापि दाराशीं मृत्यु उभा असतां बापानें कर्ज काढूं नये असें सांगण्याचा अधिकार सावकाराला नाहीं, आणि ज्यांच्या देशांत हीं औषधें गुरांनासुद्धां चारलीं गेलीं त्यांना तर नाहींच नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. मूल तापानें फणफणलें म्हणजे आईबापांना काय वाटतें हें सांगावयाला नको. आणि ताप तिसऱ्या दिवशींहि उतरला नाहीं तर डॉक्टरांनीं 'कांहींतरी जोरदार' द्यावें असें त्यांना वाटणें हें दूषण नव्हे. पण दिलेली फी आणि लिहून मिळालेलें औषध यांचें आपण जें नातें जोडलें आहे तें तपासून पाहावें. डॉक्टरांनीं मुलाचे कान, घसा, छाती नीट पाहून 'कांहीं नको, उद्यां संध्याकाळीं पुन्हां दाखवा' असें म्हटलें तर आपल्याला फसल्यासारखें वाटतें. वस्तुतः ते त्या वेळीं सर्वांत कठीण औषध देत असतात. २०१४ पासून कांहीं प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदारानें वेगळ्या वहींत ठेवावी असा नियम आहे आणि त्या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटींत सूचनाहि छापलेली असते. ती सूचना दुकानांत उभ्याउभ्या किती जण वाचतात हें ज्यानें त्यानें आपल्याशीं पाहावें. प्रतिजैविक म्हणजे निरुपद्रवी तीर्थ आहे, घेतल्यानें पुण्यच लागेल, असा जो समज आहे तोहि खरा नाहीं. क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध पूर्वीं अपुऱ्या दिवसांच्या बालकांना जंतुदोष होऊं नये म्हणून आधींच देत असत. त्या कोंवळ्या यकृताला तें पचत नसे, बालकें राखट रंगाचीं होऊन मरत, आणि १९५९ सालीं याचा उलगडा होईपर्यंत देणाऱ्यांना आपण रक्षणच करीत आहों असें वाटत होतें.

संयम पाळतां येण्यासाठीं मात्र एक गोष्ट हाताशीं लागते. 'उद्यां पुन्हां दाखवा' हें वाक्य ज्याला उद्यां पुन्हां दाखवितां येतें त्यालाच म्हणतां येतें. दवाखाना चार मैलांवर आणि मधें नदी असेल तर तेंच वाक्य निष्ठुर होतें. संयम ही ज्याच्या घराजवळ डॉक्टर आहे त्याला परवडणारी गोष्ट आहे. आणि परवडते म्हणूनच ती त्याच्यावर बंधनकारक आहे. लसींचेंहि असेंच. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरील लस आपल्या खासगी दवाखान्यांत पैसे देऊन पुष्कळ आधीं मिळत होती. सरकारी कार्यक्रमांत ती २०१७ सालीं कांहीं राज्यांत आणि २०२१ सालीं देशभर आली. ज्या मुलांना औषध सर्वांत उशिरा मिळतें त्यांना औषधाची गरजच कमी करणारी वस्तूहि सर्वांत उशिरा मिळाली.

जेथें विलंब करूं नये अशा खुणा थोड्या आहेत आणि त्या प्रत्येक घरांत माहीत असाव्या. मूल कांहींच पीत नाहीं, प्यायलेलें सर्व ओकून टाकतें, आंकडी येते, हांक मारली तरी नीट जागें होत नाहीं, किंवा श्वास आंत घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जातो, तर त्याच घटकेला इस्पितळ गांठावें. तेथें संयमाचा प्रश्नच उरत नाहीं. दोन महिन्यांच्या आंतील बालक दूध ओढीनासें झालें तरीहि तेंच करावें. एरवीं आधीं श्वास मोजावा. दोन महिन्यांखालील बालकाचे मिनिटाला साठ वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास वा अधिक, आणि एक ते पांच वर्षांपर्यंत चाळीस वा अधिक श्वास झाले तर डॉक्टरांकडे लगेच न्यावें. गडचिरोलीच्या सुइणीला यासाठीं मणी लागले. आपल्या प्रत्येक खोलींत घड्याळ आहे. मूल रडत असेल तर थोडें थांबावें. तें निवलें किंवा निजलें म्हणजे सदरा हळूच वर करावा आणि पोटाकडे पाहत पुरें एक मिनिट मोजावें. अर्धें मिनिट मोजून दुप्पट करूं नये.